मी धुऊन टाकलेला थर

मी दगड धुवायचे. सात-आठ वर्षं तेच काम केलं, कांजूरमार्गच्या एका गाळ्यात. कुणी विचारलं, मावशी, कुठे होता कामाला, तर मी सांगते, दगड धुवायला. मग लोक हसतात आणि मी पुढचं सांगत नाही. ह्या वेळी आमच्या टेकडीवरच्या वाचनालयाची मंडळी घरी आली, म्हणाली, आपल्या दिवाळी अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. म्हटलं, बाबांनो, मला लिहिता येतं ते सहीपुरतं आणि आकड्यांपुरतं. तर माझी सून वैशाली म्हणाली, "आई, तुम्ही बोला, मी उतरवून घेते. एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही." तेव्हा ह्यात काही चुकलं असेल तर ते माझंच आहे, तिचं नाही.

आमची टेकडी घाटकोपरची. लग्न होऊन आले तेव्हा नळ खाली रस्त्याला आणि घर वर. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, सकाळच्या चार-पाच खेपा. पायऱ्या किती ते मी कधी मोजलं नाही. मोजल्या की जास्त वाटतात. माझी मान जी एका बाजूला कलते ती त्यामुळेच. म्हातारपणामुळे नाही.

आमचे हे, दत्ताराम, विक्रोळीला एका छोट्या कारखान्यात लेथवर होते. घर म्हणजे दहा बाय बारा, मागची भिंत डोंगर कापून तिथे टेकवलेली. एका पावसाळ्यात त्या भिंतीच्या फटीतून पाणी झिरपायला लागलं. लाल, पातळ, गेरू कालवल्यासारखं. मला घाण चालत नाही. मी रोज सकाळी फडकं घेऊन पुसायचे, खाली पोतं लावायचे आणि पाण्याला जायचे. सहाव्या-सातव्या दिवशी मी खाली नळावर असताना भिंत आत आली. मुलगा शाळेत होता. हे आरशासमोर दाढी करत बसले होते. उजवा पाय गुडघ्यापासून गेला. जीव राहिला.

त्यानंतर हे लेथवर उभे राहिले नाहीत. आम्ही त्याच टेकडीवर चार पायऱ्या खाली दुसरी खोली घेतली, कारण दुसरीकडे कुठे जाणार? मी मुलुंडला चार घरची भांडी धरली. रडायला वेळ नव्हता असं लोक म्हणतात ना, तसं काही नाही, वेळ होता, पण रडून भांडी निघत नाहीत.

त्या चार घरांतल्या एका आजींचे जावई देसाई साहेब. ते एकदा जेवायला आले होते. मी घासलेली कढई उलटी करून बघितली आणि म्हणाले, "मावशी, आमच्याकडे याल का? दगड घासायला माणूस पाहिजे."

मला वाटलं, थट्टा करतात. तर नाही.

साहेबांचं ऑफिस अंधेरीला, काचेच्या बिल्डिंगीत. तिथे मी दोनदाच गेले, दोन्ही वेळा थंडी वाजली. आमचा गाळा कांजूरमार्गला, वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास नाकात. गाळ्यात आम्ही तिघी. एक अनघा मॅडम, दगडांचं शिकलेल्या, वयाने माझ्या मुलाएवढ्या. दुसरी फिलोमिना, नंबर घालणारी आणि फोटो काढणारी. तिचं माहेर मढचं, मासळीवाल्यांतलं, सासर मरोळच्या गावठाणात. तिसरी मी.

पहिल्याच दिवशी मी मॅडमना विचारलं, "हे दगड कशाला धुवायचे?"

मॅडम म्हणाल्या, "मावशी, मुलुंडच्या बिल्डिंगींना खाली टाकी असते, गच्चीवर टाकी असते. पंपाने पाणी वर चढवतात, मग ते नळाला येतं. बरोबर? तसंच हे. डोंगराखाली एक तलाव, डोंगरावर एक तलाव, मध्ये डोंगराच्या पोटातून बोगदा. दुपारी उन्हावरची वीज भरपूर असते, घ्यायला कोणी नसतं, स्वस्त असते. त्या विजेने पाणी वर चढवून ठेवायचं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, एसी, टीव्ही लागतात, वीज कमी पडते. तेव्हा तेच पाणी खाली सोडायचं, चक्र फिरवायचं, वीज काढायची. पंप स्टोरेज म्हणतात त्याला."

मी म्हटलं, "म्हणजे पाणी वर चढवायचं काम. ते मी तीस वर्षं केलं. मला वीज कुणी दिली नाही."

मॅडम हसल्या. मी पुढे विचारलं, "चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळते?"

"नाही. थोडी कमीच मिळते."

"मग हा धंदा कसला?"

ह्यावर मॅडम कागद घेऊन आकडे मांडायला बसल्या. तेवढ्यात फिलोमिना म्हणाली, "अगो सुनंदाबाय, सकाळी मासळी ढिगाने येते, भाव पडतो. ती बर्फात ठेवायची. थोडी खराब होते, थोडा बर्फ वितळतो. पण संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की? त्यातच कमाई." मॅडमनी पेन ठेवलं. नंतर बाहेरच्या पाहुण्यांनाही त्या ही मासळीच सांगायच्या.

आता आमचं काम. धरण बांधणारे आम्ही नव्हे. ज्यांना असा प्रकल्प उभा करायचा आहे त्यांना डोंगर शोधून द्यायचा, तो आतून कसा आहे ते तपासून द्यायचं, परवानग्यांचे कागद करायचे, आणि मग पैसे घालणाऱ्यांना पटवून द्यायचं की बाबांनो, घाला, डोंगर भक्कम आहे. हे शेवटचं देसाई साहेबांचं काम. ते बोलायला लागले की डोंगरसुद्धा मान डोलवेल.

डोंगर आतून बघायचा कसा? तर पोकळ पाइपाच्या तोंडाला हिऱ्याची पूड बसवतात आणि मशीनने तो फिरवत खाली घालतात. पाइपात दगडाची कांडी अडकते, ती वर काढतात. लाटण्याएवढी जाड, गोल, गुळगुळीत. ह्या कांड्या लाकडी पेटीत लावायच्या. पेटीला पाच खण. पुस्तकासारखी वाचायची, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. पाइप एकदा खाली जाऊन वर आला की एक खेप; एका खेपेची कांडी संपली की लाकडाचा ठोकळा, त्यावर खोली लिहिलेली. डोंगरावर पावसाळ्यात पेट्या ठेवायला छप्पर नसायचं, म्हणून सगळ्या आमच्या गाळ्यात यायच्या. येताना कांड्यांना मशीनचा राखाडी गाळ चिकटलेला असायचा. तो मी धुवायचा. मग फिलोमिनाने फोटो काढायचा, मग मॅडमनी भिंग लावून, हातोडीने टकटक करून लिहायचं की हा दगड कसा, चीर कुठे.

मला पुस्तक वाचता येत नाही, पण पेटी वाचता यायला लागली. एकदा टेम्पोवाल्यांनी एक पेटी फाटकातच पाडली. कांड्यांचे तुकडे नाल्याच्या कडेपर्यंत गेले. टेम्पोवाला म्हणतो, "दगडच तर आहेत मावशी, भरा कसे पण." मॅडमच्या डोळ्यांत पाणी. मी पदर खोचला आणि खाली बसले. फुटलेली बांगडी जुळवून बघतो ना आपण, तसा एकेक तुकडा तोंडाला तोंड लावून बघितला. तुटलेल्या दोन तोंडांचं एकमेकांशीच जमतं, तिसऱ्याशी नाही. दुपारच्या जेवणापर्यंत पेटी लागली. मॅडमनी भिंग लावून तपासली, एकही चूक नाही. तेव्हापासून माझी मान जरा सरळ झाली म्हणा.

एकदा दिल्लीहून एक गुंतवणूकवाले आले. जाताना एक छान चकचकीत तुकडा उचलून खिशात घातला, टेबलावर कागद दाबायला म्हणून. देसाई साहेब नुसते हसत उभे. मी मागे धावले, गाडीची काच वाजवली. "साब, वो बयालीस मीटर है. रख दो वापस."

ते म्हणाले, "क्या?"

"बयालीस मीटर के नीचे का दगड है. आप ले गए तो डोंगर में छेद दिखेगा."

त्यांनी तुकडा दिला. साहेब चिडले, म्हणाले, मावशी, एवढ्याने काय होणार होतं? मॅडम म्हणाल्या, "सर, मावशी बरोबर आहेत." मी त्या दिवशी घरी जाताना केळी घेतली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं सांगायचं आहे. मला माझ्या हाताचा गर्व झाला होता.

एका डोंगरावरचं काम आलं, सगळ्यांत मोठं. अंधेरीच्या ऑफिसात म्हणे सगळ्यांच्या नोकऱ्या ह्या एका कामावर टेकलेल्या. तिथे तिसरं भोक घेतलं ते नेमकं जिथे चक्रं बसवायची गुहा खोदायची होती तिथे. पावसाळा तोंडावर, सगळी घाई. डोंगरावर पेट्यांचे फोटो काढायचे असतात, ते राहिले. अनघा मॅडम तिकडेच अडकलेल्या. पेट्या टेम्पोतून आमच्याकडे आल्या, आणि फिलोमिना येऊन फोटो काढायच्या आधी मी धुवायला घेतल्या. सकाळी लवकर येऊन काम उरकून टाकायची सवय.

एका पेटीत दोन काळ्या कांड्यांच्या मध्ये लाल चिखल होता. तोपर्यंत लाल दगड मी पाहिला होता, पण तो कडक, धुतला तरी राहणारा. हा बोटाने दाबला तर दबणारा, भिजवलेल्या मेंदीसारखा. मला वाटलं, टेम्पोत कुठेतरी चिखल बसला. काथ्याचा ब्रश घेतला आणि घासला. लाल पाणी वाहत मोरीला गेलं. दोन कांड्यांच्या मध्ये वीतभर फट राहिली, ती दिसायला बरी दिसेना. मी खालच्या कांड्या वर सरकवल्या, नीट चिकटवून लावल्या. पेटी आरशासारखी झाली.

मॅडम आल्या, पेटी वाचली. म्हणाल्या, "खेपेच्या शेवटी वीतभर कांडी कमी आहे."

फिलोमिना म्हणाली, "मशीनवाल्याने खाल्ली असेल."

तसं होतं कधी कधी. दगड मशीनमध्ये झिजून जातो. मॅडमनी तसंच लिहिलं. मी तिथेच पाच फुटांवर फरशी पुसत होते. मला काही वाटलं नाही. चिखलसुद्धा दगडात मोजतात हे मला कुठे माहीत?

अहवाल गेला. डोंगर भक्कम.

पावसाळा संपल्यावर त्याच डोंगराच्या दुसऱ्या टोकाच्या भोकाच्या पेट्या आल्या. मी ब्रश हातात घेतला आणि मॅडम ओरडल्या, "मावशी, थांबा! ठेवा तो खाली!"

पेटीत तसाच लाल चिखल. मॅडमनी मला बाजूला बसवून सांगितलं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर, एकावर एक. एक थर आला, थंड झाला, वर माती झाली. मग दुसरा तापलेला थर त्यावर आला आणि ती माती भाजून लाल झाली. कुठे ती विटेसारखी कडक असते, कुठे अशी मऊ. "ही मऊ सगळ्यांत वाईट, मावशी. वरून नुसता काळा दगड दिसतो. हिला पाणी लागलं की ही फुगते, निसरडी होते. मग वरचा अख्खा डोंगर हिच्यावरून सरकतो. बोगदा खोदताना हिचा पत्ता नसेल तर आत असलेल्या माणसांचं काही खरं नाही. बरं झालं, गुहेच्या जागी नाही निघाली."

मी म्हटलं, "हो का."

एवढंच म्हटलं. मी धुतलेला लाल चिखल गुहेच्याच पेटीतला होता, आणि मी म्हटलं, हो का.

पुढे आठ दिवस मी गप्प बसले. त्याला दुसरं नाव नाही. सांगितलं तर नोकरी जाणार, घरी ह्यांची औषधं, मुलगा तेव्हा धड कामाला लागलेला नाही. आणि खरं सांगू? नोकरीपेक्षा मला ते जास्त टोचत होतं की सगळे म्हणणार, सुनंदाच्या हाताने चूक झाली. फिलोमिना विचारायची, "काय गो, दगडाशी भांडलीस काय?" मी म्हणायचे, डोकं दुखतंय.

त्यातच कळलं की सोमवारी बँकवाल्यांचे दगडाचे तज्ज्ञ गाळ्यात येणार. त्यांनी पेट्या बघून मान डोलावली की काम पक्कं.

आदल्या रविवारी दुपारी हे दारात बसून वाती वळत होते. पाय गेल्यापासून तेच काम, देवळांना वाती देतात. मला म्हणाले, "आठ दिवस भात खारट होतोय. काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "लाल पाणी गेलं? कसं? आपल्या भिंतीचं होतं तसं?"

"तस्संच."

इतक्या वर्षांत आम्ही दोघं त्या भिंतीबद्दल बोललो नव्हतो. मी म्हटलं, "भिंत पडायच्या आधी आठवडाभर येत होतं ते. मी रोज पुसायचे. तुम्हाला सांगितलं नाही."

ह्यांनी आणखी दोन-तीन वाती वळल्या. मग म्हणाले, "मला दिसायचीस ना तू पुसताना. मी पण काही बोललो नाही. मला वाटलं, बायको घर पुसतेय."

मी त्यांच्यापुढे कापूस सरकवला. तो घेत हे म्हणाले, "त्या बोगद्यात माणसं किती असतील गो?"

"खूप असतात म्हणे. खोदायलाच वर्षं लागतात."

"मग उद्या बोल. आणि भातात मीठ मोजून घाल."

सोमवारी मी ठरवलं होतं, पाहुणे यायच्या आधी मॅडमना बाजूला घेऊन सांगायचं. पण पाहुणे वेळेच्या आधीच आले. तज्ज्ञ म्हणजे एक म्हातारे साहेब, बुटांना धूळ, गळ्यात दोरीला भिंग. बरोबर इस्त्रीच्या कपड्यांतले दोन बँकवाले. देसाई साहेब पुढे, मॅडम फाइल घेऊन मागे. म्हातारे साहेब सरळ तिसऱ्या भोकाच्या पेट्यांपाशी गेले. बसले उकिडवे. एक-एक खण बघत त्या पेटीपाशी आले आणि थांबले.

"बहुत साफ है. किसने धोया?"

देसाई साहेबांनी माझ्याकडे हात केला. "हमारी मावशी. पूरे मुंबई में ऐसा हाथ नहीं मिलेगा, सर."

मी म्हटलं, "साब, उसमें लाल मिट्टी था. मैं धो डाली."

देसाई साहेब हसत म्हणाले, "मावशी, काय बोलताय? जा, चहा आणा."

"आणते साहेब. पण आधी सांगते." आणि मी म्हाताऱ्या साहेबांना कांड्या दाखवल्या. "ये और ये, इसके बीच में था. मैंने घासके निकाला और नीचे का सब ऊपर सरकाया. अच्छा दिखने के वास्ते."

मॅडमचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नाही.

म्हाताऱ्या साहेबांनी त्या दोन कांड्या वेगळ्या केल्या. त्यांची तोंडं भिंगातून बघितली. मग खणाच्या कोपऱ्यात, लाकडाच्या सांध्यात नख घातलं. नखाला लाल लागलं. ते त्यांनी बोटांत चोळलं आणि जिभेवर ठेवलं.

फिलोमिना माझ्या कानाशी म्हणाली, "आई शप्पथ, साहेब माती खातो."

"कितना था?" त्यांनी विचारलं.

मी वीत दाखवली. त्यांनी खिशातून टेप काढून माझी वीत मोजली. मग खेपेच्या शेवटची रिकामी जागा मोजली. "बराबर," म्हणाले. उठताना गुडघे धरले, माझ्याकडे बघितलं. "और किसी को मालूम नहीं था. फिर क्यों बताया?"

"आठ दिन देर से बताया, साब," मी म्हटलं.

पाहुणे गेल्यावर देसाई साहेब माझ्यासमोर उभे राहिले. चांगला माणूस, शिव्या देत नाही. म्हणाले, "मावशी, तुम्ही आमची वाट लावलीत."

मी म्हटलं, "हो साहेब."

त्या भोकाच्या शेजारी पुन्हा भोक घेतलं. तेवढ्याच खोलीवर लाल थर निघाला, माझ्या वितीपेक्षा जाडच. गुहेची जागा बदलली, बोगदा वळवला, कागद नव्याने केले. पैसे घालणारे वर्षभर थांबले. मला वाटलं होतं, मला काढतील. मला नाही काढलं. दगड धुणाऱ्या बाईला काढून कुणाला काय दाखवणार? अहवालावर सही अनघा मॅडमची होती. त्यांना त्या कामावरून उतरवलं, आणि महिन्याभरात त्याच सोडून गेल्या.

शेवटच्या दिवशी मी त्यांच्या टेबलाशी गेले. "मॅडम, माझ्यामुळे झालं."

त्या भिंग डबीत ठेवत होत्या. "मावशी, ती वीतभर जागा मी बघितली होती. कांड्या कुणी धुतल्या, धुताना काय निघालं, हे विचारायला पाहिजे होतं. तुम्ही पाच फुटांवर फरशी पुसत होतात. मी मशीनला दोष दिला, तुम्हाला विचारलं नाही."

तुमचं काही चुकलं नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते मला बरं वाटलं. खोटं बोलल्या असत्या तर आणखी जड झालं असतं. त्या आता दुसऱ्या राज्यात असल्याच कामावर आहेत. दिवाळीला फोन येतो, ह्यांच्या पायाची चौकशी करतात. पण ती सही त्यांची होती आणि ब्रश माझा होता, हे मला रोज आठवतं. रडू येत नाही, नुसतं आठवतं.

गाळ्यात मग नियम झाला. फोटो काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. काथ्याचा ब्रश बंद, केसांचा मऊ ब्रश. मऊ काही लागलं तर तसंच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. आणि धुताना जे निघेल ते एका डब्यात जमवून त्यावर नंबर घालायचा. माझ्या जागी आलेल्या बायांना हे मी शिकवलं. एक म्हणाली, "अहो, घाण कशाला जपायची?" मी म्हटलं, "जप. कुणाची घाण आहे ते नव्या मॅडम ठरवतील."

देसाई साहेब वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. मग एकदा नवे पाहुणे आले होते. मी चहा घेऊन गेले तर साहेब त्यांना सांगत होते, "आमच्याकडचा अहवाल डोळे मिटून घ्या. आमच्याकडे दगड धुणारी बाईसुद्धा खरं सांगते, काम गेलं तरी बेहत्तर." पाहुण्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. पुढे साहेब हेच प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचे, आणि कामं मिळायची. ते आठ दिवस साहेब कधी सांगत नसत. मी ट्रे घेऊन उभी असायचे, मीही नाही सांगितलं. आज सांगितलं.

त्या डोंगरावर आता काम सुरू झालंय म्हणे. आत माणसं असतील. गुहा लाल थरापासून लांब आहे, एवढं मला माहीत आहे.

गुडघे बोलायला लागल्यावर मी काम सोडलं. आता घरीच असते. टेकडीवर नळ वरपर्यंत आला, हंडे माळ्यावर गेले. गेल्या पावसाळ्यात मी सकाळी शेजारच्या मंगलकडे विरजण मागायला गेले. तिची खोली आमच्या वरच्या रांगेत, मागची भिंत डोंगराला. बघते तर मंगल गुडघ्यावर बसून भिंतीखालचं पुसतेय. बादलीतलं पाणी लाल.

मी म्हटलं, "पुसू नको."

"अगं, तीन दिवस येतंय मेलं. पोरं पाय भरवतात सगळीकडे."

मी वाटी खाली ठेवली. भिंतीच्या फटीत बोट घातलं, दोन बोटांत चोळलं. मऊ. जिभेवर ठेवलं. दाताखाली कण लागला नाही, लोण्यासारखं सरकलं, म्हणजे तीच निसरडी माती.

"शी! काय गो, माती खातेस सकाळी सकाळी?"

"पोरांना उचल," मी म्हटलं. "भांडी राहू दे. नवऱ्याला उठव, आणि बाजूच्या दोन्ही घरांना सांग."

मंगलला आमची भिंत माहीत होती, म्हणून तिने वाद घातला नाही. मी रांगेतली चारही दारं वाजवली. सगळ्यांना खाली शाळेत नेलं. माझा मुलगा वॉर्ड ऑफिसला गेला, तिथून माणसं येऊन बघून गेली. तीन दिवस सगळी शाळेत राहिली. पाऊस उतरला. भिंत पडली नाही. पुढे तिला आधाराचा बांध घातला, तो आहे अजून.

परत वर येताना लोक मला हसले. एक जण म्हणाला, "मावशींनी तीन दिवस शाळेत झोपवलं, उगाच!" हसू देत. भिंत पडून मी बरोबर ठरले असते तर कुणाला बरं वाटलं असतं?

मंगल नाही हसली. आता पावसात कुठे ओल दिसली की ती फडकं हातात घेऊन दारात उभी राहते, पुसत नाही, आणि वरच्या रांगेतून मला हाक मारते, "सुनंदा, ये गो जरा. चाखून बघ."